ओझ्याची बॅटरीगाडी : वाचक विचारतात

सायकलच्या वेगानं चालणारी, पण टनभर माल ओढणारी बॅटरीगाडी स्वतः जुळवायची, या विषयावर या वेळी बरीच पत्रं आली. प्रत्येकाची गाडी वेगळी. म्हणून आकडेमोडीसाठी सगळीकडे एकच गाडी धरली आहे : रिकामी ५०० किलो, माल १००० किलो, एकूण १५०० किलो, चाकाचा व्यास ५० सेंटिमीटर, सपाटीवर वेग ताशी १० किलोमीटर. तुमची गाडी याच्या दीडपट वजनाची असेल तर जोराचे आकडे दीडपट करा. हिशेबाची रीत तीच.

प्रश्न : एक टन माल, वेग ताशी १० किलोमीटर. एक जण म्हणतो १ किलोवॉटची मोटर पुरे, दुसरा म्हणतो १० किलोवॉटच्या खाली जाऊच नका. खरं किती?

दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळे रस्ते आहेत. किलोवॉट नंतर विचारा, आधी जोर विचारा : भरलेली गाडी हलती ठेवायला किती किलोंचा जोर लागतो? चांगल्या डांबरावर, हवा नीट भरलेल्या टायरवर तो एकूण वजनाच्या साधारण दीड टक्का असतो. म्हणजे १५०० किलोंना साडेबावीस किलो. एक माणूस ढकलू शकेल एवढाच. दाबलेल्या मातीच्या रस्त्यावर तो तीन ते पाच टक्के होतो, म्हणजे ४५ ते ७५ किलो. भुसभुशीत वाळूत १५ टक्के किंवा जास्त, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या पुढे. चढ आला की त्यात भर पडते. शंभर मीटरमागे दहा मीटर चढ असेल तर वजनाच्या दहा टक्के, १५० किलो, आणि रस्त्याचे तीसेक किलो मिळून १८०.

आता किलोवॉट. जोराला ९.८१ नं गुणलं की न्यूटन मिळतात. त्याला वेगानं गुणलं की वॉट. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर. डांबरावर सुमारे ६१० वॉट, खराब मातीच्या रस्त्यावर सुमारे २ किलोवॉट, १० टक्के चढावर तोच वेग धरायचा हट्ट केला तर ४.९ किलोवॉट. तोच चढ ताशी ४ किलोमीटरनं चढलात तर २ किलोवॉटच्या आत काम होतं. वाऱ्याचा अडथळा या वेगाला जेमतेम एक-सव्वा किलो भरतो, तेव्हा गाडीला निमुळतं नाक देण्यात वेळ घालवू नका.

या गाडीला ३ किलोवॉटची मोटर योग्य. मात्र ३ किलोवॉट हा सतत चालण्याचा आकडा हवा. पाटीवर मोठ्या अक्षरात छापलेला ‘पीक’ आकडा नको, तो काही सेकंदांचा असतो.

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. ‘चढ सावकाश चढू, मग मोटरला त्रास नाही’ असं धरून चालतात. एकच गिअर असलेल्या गाडीत सावकाश चढल्यानं बॅटरीवरचा भार कमी होतो, मोटरवरचा होत नाही. मोटरला लागणारा करंट वेगावर ठरत नाही, पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) किती द्यायचा यावर ठरतो. १० टक्के चढाला चाकावर ४४० न्यूटन-मीटर पीळ लागतो, मग गाडी ताशी २ नं जावो की १० नं. उलट सावकाश गेलात तर मोटर तोच करंट जास्त वेळ सोसते, आणि तिचा पंखा शाफ्टवरच बसवलेला असेल तर तोही मंदावतो. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट. तीन मिनिटांच्या चढाला हे चालतं, वीस मिनिटांच्या चढाला मोटरचा वास येतो. तेव्हा सावकाशपणा गिअरमधून आणायचा, थ्रॉटलमधून नव्हे. त्याचा हिशेब पुढच्याच्या पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : स्कूटरच्या दोन हब मोटर, प्रत्येकी १ किलोवॉटच्या, मागच्या दोन चाकांत बसवल्या तर चेन, गिअर, डिफरेन्शिअल सगळंच वाचेल ना?

वाचेल, आणि मोटर जळतील. १ किलोवॉट जर मिनिटाला ५०० फेऱ्यांवर मिळत असेल तर त्या मोटरचा सततचा पीळ फक्त १९ न्यूटन-मीटर. दोन मिळून ३८. आपल्या गाडीला सपाट डांबरावरच ५५ लागतात, चढावर ४४०. शिवाय ताशी १० ला आपलं चाक मिनिटाला १०६ फेऱ्याच फिरतं. इतक्या मंद गतीत हब मोटर खाल्लेल्या विजेतला बराच भाग उष्णतेत घालवते, आणि ती उष्णता बंद चाकाच्या आत अडकते. स्कूटरचा हब-एक्सल आणि रिमसुद्धा एका चाकावर चार-साडेचारशे किलो घ्यायला बनवलेले नसतात. हे सोडून द्या.

प्रश्न : गिअरचं प्रमाण कसं ठरवायचं? आणि शेवटच्या टप्प्याला चेन चालेल का?

चाकाचा घेर १.५७ मीटर. ताशी १० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १६७ मीटर, म्हणजे चाकाच्या १०६ फेऱ्या. मोटर ३००० फेऱ्यांची असेल तर प्रमाण २८ ला १. अशा ३ किलोवॉट मोटरचा सततचा पीळ साडेनऊ न्यूटन-मीटर. दोन टप्प्यांच्या गिअरमध्ये १२ टक्के वाया जातात असं धरलं तर चाकावर २३५ पोचतात. डांबरावर चैन, मातीच्या रस्त्यावर आराम, १० टक्के चढावर मात्र मोटरकडून १८ न्यूटन-मीटर मागावे लागतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. चढ छोटे असतील तर २८ ठेवा. रोजच्या वाटेवर लांब चढ असेल तर ५० ला १ करा. चढावर मोटर आपल्या सततच्या पिळावरच राहील, आणि सपाटीवरचा वेग ५.६ किलोमीटरवर येईल. दोन्ही हवं असेल तर दोन गतींचा गिअरबॉक्स घाला, आणि गिअर गाडी थांबवूनच बदला. ओझ्याच्या गाडीत ते अजिबात अडचणीचं नाही.

प्रमाण ठरवताना चढाइतकाच खड्डा मोजा. पुढचं चाक ५ सेंटिमीटर खोल, सरळ काठाच्या खड्ड्यात थांबलं आहे आणि त्या चाकावर ३०० किलो भार आहे, अशी कल्पना करा. २५ सेंटिमीटर त्रिज्येचं चाक त्या काठावरून ढकलून वर काढायला भाराच्या पाऊणपट, म्हणजे २२५ किलो जोर लागतो. १० टक्के चढापेक्षा जास्त! त्रिज्या ३५ सेंटिमीटर केली तर हाच जोर ६० टक्क्यांवर, १८० किलोंवर येतो. हवेचं टायर काठावर थोडं दबतं, गाडी चालती असेल तर वेगही मदतीला येतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी लागेल. पण माल भरून उभी केलेली गाडी नेमकी खड्ड्यातच उभी असते. या एका खड्ड्यासाठी मोटरला सततच्या सुमारे २.३ पट पीळ द्यावा लागतो. कंट्रोलर (बॅटरीची वीज हवी तेवढी मोटरला देणारा डबा) निवडताना तो मोटरच्या नेहमीच्या करंटच्या अडीचपट करंट निदान अर्धा मिनिट देऊ शकेल असाच घ्या.

चेनचं. मोटरकडच्या पहिल्या टप्प्यात फेऱ्या जास्त, पीळ कमी, तिथे साधी चेन किंवा दात्यांचा पट्टा चालतो. एक्सलकडच्या टप्प्यात चित्र उलटं होतं. २० सेंटिमीटर व्यासाच्या स्प्रॉकेटवर ४४० न्यूटन-मीटर म्हणजे चेनवर ४४०० न्यूटन ताण, साधारण साडेचारशे किलो. अर्ध्या इंच पिचच्या चेनची तुटण्याची ताकद सुमारे १८ किलोन्यूटन. रोजच्या कामाला तिचा आठवा भाग धरायचा, म्हणजे सव्वादोन किलोन्यूटन. ती पहिल्या दिवशी तुटणार नाही. आधी ताणेल, मग स्प्रॉकेटचे दाते हूकसारखे वाकडे होतील, मग चढावर उडी मारून सुटेल. एक इंच पिचची चेन घ्या, तिची ताकद ६० किलोन्यूटनच्या आसपास असते. त्याहून चांगलं म्हणजे आत गिअर आणि डिफरेन्शिअल असलेला तयार मागचा एक्सल. त्याचं स्वतःचं प्रमाण १० ला १ असेल तर बाहेर फक्त २.८ चा एक हलका टप्पा उरतो, आणि धूळ-चिखल लागू नये असे दाते तेलात राहतात.

प्रश्न : ब्रशलेस मोटर बसवली. रिकामी गाडी छान पळते, माल भरला की सुरू होताना थरथरते, हिसके देते. कधी कधी एकदम बंदच पडते, किल्ली बंद-चालू केली की पुन्हा ठीक.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. थरथर बहुधा हॉल सेन्सरची. मोटर थांबलेली असताना रोटर कुठे आहे हे कंट्रोलरला तीन सेन्सर सांगतात. त्यातला एक गप्प असेल तर रिकामी गाडी झोकात निघून जाते, भरलेली अडखळते. तपासायला मोटरच्या तीन जाड वायर सोडवा, किल्ली चालू ठेवा, मीटरचं काळं टोक सेन्सरच्या ग्राउंडवर आणि लाल टोक एकेका सिग्नल वायरवर धरून चाक हातानं हळू फिरवा. प्रत्येक वायरवर आकडा शून्याजवळून पाच व्होल्टजवळ आणि परत असा बदलत राहिला पाहिजे. एखाद्या वायरवर तो एकाच जागी चिकटला तर सेन्सर मेला आहे किंवा, आणि हे जास्त वेळा घडतं, कनेक्टरमधली पिन मागे सरकली आहे. तिन्ही ठीक असतील तर जाड वायर आणि सेन्सर वायर यांची जोडी चुकलेली असू शकते. चुकीच्या जोडीवरही मोटर फिरते, पण आवाज करते आणि बिनभाराचा करंट कितीतरी जास्त खाते. सेन्सर वायर तशाच ठेवून जाड वायरच्या सहाही जुळण्या चाक उचलून करून पाहा. ज्यात दिशा बरोबर, फिरणं गुळगुळीत आणि करंट सर्वांत कमी, ती खरी. नवा कंट्रोलर घ्यायची वेळ आली तर साइन वेव्हवर चालणारा घ्या. चौकोनी लाटेचा कंट्रोलर मंद गतीत जड गाडीला धक्केच देतो.

‘एकदम बंद, मग किल्लीनं ठीक’ हे मात्र बॅटरीच्या बीएमएसचं, म्हणजे सेलची राखण करणाऱ्या सर्किटचं, काम. निघताना करंट त्याच्या मर्यादेबाहेर गेला, त्यानं तोडला. कंट्रोलरमधली बॅटरी-करंटची मर्यादा बीएमएसच्या मर्यादेपेक्षा १५-२० टक्के खाली आणा. मोटरच्या वायरींतला करंट कमी करायची गरज नाही. मंद गतीत मोटरमध्ये १५० अँपिअर फिरत असताना बॅटरीतून ४०च निघत असू शकतात.

प्रश्न : दिवसाला ३० किलोमीटर, जाताना भरलेली, येताना रिकामी. बॅटरी किती आणि कोणती?

मध्यम रस्ता धरा, तीन टक्क्यांचा. भरलेल्या गाडीला ४४१ न्यूटन, म्हणजे चाकापाशी किलोमीटरला १२३ वॉट-तास. मोटर, कंट्रोलर, गिअर मिळून एकूण कार्यक्षमता ७३ टक्के धरली तर बॅटरीतून १६८. रिकामी गाडी वजनानं तिसरा हिस्सा, म्हणून ५६. पंधरा-पंधरा किलोमीटरचे मिळून ३.४ किलोवॉट-तास होतात. थांबणं-निघणं, चढ, हवा कमी असलेली टायर यांसाठी तीस टक्के वाढवा : ४.४.

लिथियम आयर्न फॉस्फेट घेतलीत तर रोज ८० टक्के वापरा, म्हणजे साडेपाच किलोवॉट-तास हवेत. १६ सेल एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्ट, आणि १२० अँपिअर-तासांचे सेल घेतले की ६.१ किलोवॉट-तास. १०० चे सेल ५.१च देतात, शिवाय सेल पुढे म्हातारे होणार आहेत, म्हणून १२०. वजन डब्यासकट ५०-६० किलो. चार्जर ५८.४ व्होल्टच्या वर जाता कामा नये, आणि कंट्रोलरची खालची मर्यादा ४६ ते ४८ व्होल्टवर लावा, म्हणजे बीएमएसनं झटक्यात तोडण्याआधी गाडी हळू होऊन चालकाला कळेल. शून्य अंशाखालच्या थंडीत हे सेल चार्ज करू नयेत. वापरले तर चालतात, चार्ज केले तर आत लिथियमचा थर बसून कायमचे बिघडतात.

शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापर्यंतच रिकामी करायची, म्हणून ४८ व्होल्टला १८० अँपिअर-तासांच्या पुढे जावं लागतं, आणि वजन अडीचशे किलोंच्या वर. तेही खोल डिस्चार्जची, ट्रॅक्शनची हवी. मोटारीच्या स्टार्टरची बॅटरी या कामात काही महिन्यांत बसते, कारण तिच्या पातळ प्लेटा क्षणभर मोठा करंट द्यायला केलेल्या असतात. डब्यावरचा अँपिअर-तासांचा आकडा बहुधा २० तासांच्या दरानं छापलेला असतो. तुम्ही तीन-चार तासांत रिकामी केलीत तर तेवढं मिळणार नाही. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर घाला, आधी नको, नाहीतर आम्ल उतू जाऊन कड्या (टर्मिनल) खातं. आणि चार्जिंगच्या जागी वारा खेळता ठेवा, हायड्रोजन निघतो.

मग शिसं घ्यायचंच कशाला? वजन हवं असेल तेव्हा. फोर्कलिफ्टमध्ये शिशाची बॅटरी मागच्या बाजूचं पासंग म्हणून कामी येते. ब्रिटनमध्ये घरोघर दूध पोचवणाऱ्या विजेच्या गाड्या कित्येक दशकं शिशाच्या बॅटऱ्यांवरच चालल्या : वेग कमी, रोजची वाट ठरलेली, रात्री चार्जिंग. ट्रॉली ओढणाऱ्या गाडीतही हे वजन उपयोगी पडतं. माल स्वतःच्या पाठीवर नेणाऱ्या गाडीत मात्र ते मालाच्या वजनातून कापलं जातं.

प्रश्न : बॅटरीच्या कडीवरचा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोक) काळा पडला आणि वायरचं प्लास्टिक वितळलं. वायर तर जाड, ३५ चौरस मिलिमीटरची आहे.

वायर निर्दोष आहे, जोड दोषी आहे. ३५ च्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला अर्धा मिलिओहम. जाऊन-येऊन चार मीटर धरले तर १५० अँपिअरला सगळ्या लांबीत मिळून ४५ वॉट उष्णता, ती चार मीटरवर पसरते, हाताला जाणवतही नाही. पण हातोडीनं चेपलेल्या लगचा रोध पाच मिलिओहम झाला तर तेवढ्याच करंटला त्या एका अंगठ्याएवढ्या जागेत ११२ वॉट. मोठ्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त! लग हायड्रॉलिक क्रिम्परनं, षट्कोनी साच्यात दाबा. दाबून झाल्यावर एक नमुना करवतीनं मधोमध कापून पाहा. चांगल्या जोडात तारा एकजीव होऊन तांब्याची सलग चकती दिसते, मध्ये काळी भोकं दिसली तर साचा मोठा आहे. नुसतं सोल्डर करू नका. जोड तापला की सोल्डर मऊ होतं, आणि सोल्डर संपतं त्या रेषेवर हादऱ्यानं तारा तुटतात.

फ्यूज बॅटरीच्या धन कडीपासून वीतभर अंतरात हवा, आणि डीसीसाठीचा. घरातल्या एसी ब्रेकरमधली ठिणगी डीसीवर विझतेच असं नाही. मुख्य कॉन्टॅक्टर (किल्लीनं सगळी वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) बसवताना त्याला समांतर १०० ओहम, २५ वॉटचा रोध एका छोट्या बटणातून जोडा. किल्ली दिल्यावर दोन-तीन सेकंद आधी या रोधातून कंट्रोलरचे कपॅसिटर भरू द्या, मग कॉन्टॅक्टर चालू करा. हे टाळलं तर प्रत्येक वेळी कॉन्टॅक्टरच्या टोकांवर मोठी ठिणगी पडते आणि एक दिवस ती टोकं एकमेकांना चिकटतात. म्हणजे किल्ली बंद करूनही गाडीतली वीज जात नाही.

प्रश्न : उतारावर मोटरच ब्रेक लावते आणि बॅटरीही भरते. मग साधे ब्रेक लहान ठेवले तर?

अजिबात नको. १० टक्क्यांचा अर्धा किलोमीटर उतार म्हणजे ५० मीटरची उंची. रस्त्यानं खाल्लेलं वजा केलं तरी ५९० किलोज्यूल कुठेतरी जिरवायचे असतात. एवढ्यात जवळजवळ दोन लिटर पाणी उकळेल. ताशी १० नं उतरलात तर तीन मिनिटं सलग ३.३ किलोवॉट.

आता वाईटातली वाईट वेळ पाहा. रात्रभर चार्ज केलेली गाडी, आणि सकाळची सुरुवातच उतारानं. मोटर वीज परत पाठवते, सेलना जागा नसते, बीएमएस चार्जिंगचा मार्ग तोडतो. त्या क्षणी मोटरचा ब्रेक नाहीसा होतो, आणि जायला वाट न उरलेली वीज कंट्रोलरमधला व्होल्टेज उसळवून त्याचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे भाग) फोडू शकते. घर उंचावर असेल तर बॅटरी ९० टक्क्यांवरच थांबवा, आणि कंट्रोलरमध्ये परतीच्या विजेची मर्यादा चार्जिंग करंटच्या आत बसवा. यांत्रिक ब्रेक एकटे, पूर्ण भरलेली गाडी, सर्वांत वाईट उतारावर थांबवतील एवढे हवेतच. चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम, आणि हातब्रेक वेगळ्या केबलवर. मोटरच्या शाफ्टवर बसणारा स्प्रिंगचा विद्युत ब्रेक सोयीचा, पण चेन तुटली की तो फक्त मोटरला धरून ठेवतो, गाडी घरंगळते. हातब्रेक चाकावरच.

प्रश्न : तीन चाकं की चार?

चार. वजनाचा मध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटर, मागच्या चाकांतलं अंतर १ मीटर, ७० टक्के वजन मागे असं धरा. चारचाकी गाडी उलटायला वजनाच्या ५५ टक्के आडवा जोर लागतो, पुढे एकच चाक असलेल्या तीनचाकीला ३९. तीन मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १० ला २६ टक्के जोर लागतो. ताशी १२ ला तोच ३८, म्हणजे तीनचाकी काठावर, आणि रस्ता थोडा बाहेर कललेला असला की गेली. तीनचाकीच हवी असेल तर साटा खाली घ्या, मागची चाकं रुंद करा आणि वेग ८ वर बांधा. हलक्या पण उंच मालाला, गवत किंवा रिकामे पिंप, हाच नियम जास्त कडक लागू होतो.

प्रश्न : माल गाडीत न भरता मागे ट्रॉली जोडून तीन टन ओढता येतील का?

सपाटीवर सहज, चढावर मोटरच्या आधी चाकं हरतील. ओढणारी गाडी ६०० किलोंची, त्यातले ३९० मागच्या चाकांवर. मुरुमावर पकड निम्मी धरली तर चाक घसरण्याआधी १९५ किलो जोर मिळतो. एकूण ३६०० किलोंना सपाटीवर दोन टक्क्यांनी ७२ किलो लागतात, ठीक. फक्त पाच टक्के चढ आला की २५२. मोटर कितीही मोठी लावा, चाक जागेवर फिरेल. इथे मागच्या एक्सलवर वजन वाढवणं हाच उपाय, आणि शिशाची बॅटरी तिथेच ठेवावी. ट्रॉली एका एक्सलची असेल तर तिच्या एकूण वजनाचा दहावा भाग हूकवर येईल असा माल पुढे भरा. मागे जास्त भरला तर हूक वर उचलला जाऊन ओढणारी चाकंच हलकी होतात. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर उतारावर ती गाडीला मागून ढकलून आडवी करते. तीन टनांना ट्रॉलीचे ब्रेक हवेतच.

प्रश्न : छपरावर सौर पॅनेल लावलं तर चार्जिंगची गरज उरणार नाही?

दोन चौरस मीटरचं, साडेतीनशे वॉटचं पॅनेल आडवं ठेवून चांगल्या उन्हाच्या दिवशी किलोवॉट-तासाच्या आसपास देईल. वर काढलेल्या ४.४ चा चौथा हिस्सा. गाडी बराच वेळ उन्हात उभी राहत असेल तर लावा. सावलीत उभी करणार असाल तर ते नुसतं वजन, आणि तेही सर्वांत उंच जागी.

प्रश्न : तीन महिन्यांत पल्ला ३० वरून २० वर आला. बॅटरी गेली?

आधी गाडी ओढून पाहा. सपाट काँक्रीटवर, रिकाम्या गाडीला गिअर सुटा करून, पुढे तराजूचा स्प्रिंग-काटा लावून दोघांनी हळू ओढा. ५०० किलोंच्या गाडीला चालतं ठेवायला ८ ते १० किलो दाखवले पाहिजेत. २० दाखवत असेल तर बॅटरीचा दोष नाही. टायरची हवा पाहा, मग प्रत्येक चाक उचलून हातानं फिरवा. अडकलेला ब्रेक लगेच सापडतो. चाकं मोकळी फिरतात तरीही काटा जास्त दाखवतो? मग पुढच्या दोन चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडांतलं अंतर मोजा. दोन्हींत मोठा फरक असेल तर टायर रस्त्यावर घासत चालले आहेत, त्यांची झीजही एका बाजूनं दिसेल. काटा ठीक असेल तरच सेल मोजायला घ्या, आणि तेही भारावर. थांबलेल्या गाडीत सगळे सेल सारखेच दिसतात. चढावर ज्या सेलचा व्होल्टेज इतरांपेक्षा आधी कोसळतो तो दुबळा, किंवा त्याच्या पट्टीचा नट सैल.

प्रश्न : गाडी जुळवून झाली. पहिली चाचणी कशी घ्यावी?

चाकं जमिनीपासून उचलून, थ्रॉटल अगदी थोडा देऊन. दिशा, मागे जाण्याचं बटण, ब्रेक दाबल्यावर मोटरची वीज तुटते का, आणि लाल आपत्कालीन बटणानं कॉन्टॅक्टर खरोखर सुटतो का, एवढं आधी. मग रिकामी गाडी सपाटीवर. मग पाव माल, अर्धा, पूर्ण, प्रत्येक टप्प्याला पंधरा मिनिटं. थांबल्यावर मोटरचं कवच, कंट्रोलर, प्रत्येक लग, प्रत्येक ड्रम, प्रत्येक बेअरिंग हातानं पाहा, लग चाचपताना मुख्य वीज तोडून. हात तीन सेकंदही ठेवता येत नसेल तर पृष्ठभाग साठ अंशांच्या वर आहे, आणि मोटरच्या बाबतीत आतलं वाइंडिंग त्याहून बरंच गरम. बऱ्याच मोटरमधून तापमानाच्या सेन्सरच्या दोन बारीक वायर बाहेर आलेल्या असतात, जुळवणारे त्या टेप गुंडाळून सोडून देतात. त्या कंट्रोलरला जोडा आणि १२० अंशांवर करंट कमी व्हायला लावा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. चाकांच्या नटांवर, नट आणि रिम मिळून, रंगाची एक रेघ मारून ठेवा. नट सैल झाला की रेघ तुटलेली लांबूनच दिसते.